कायद्याचे शिक्षण : स्वदेशी की परदेशी?

आपल्या महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या मनात दरवर्षी वकिलीचा विचार येतो. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकलेल्याला कायदा हा विषय फारसा परका वाटत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. पूर्वी या विचाराच्या पाठोपाठ एकच प्रश्न येत असे : लॉ कॉलेज पुण्याचे, मुंबईचे, कोल्हापूरचे की नागपूरचे? आता त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. परदेशी विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रके हाती पडतात, प्रवेश मिळवून देणारे सल्लागार भेटतात आणि शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकाही पुढे येतात. शिवाय ‘विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आला’ या शब्दांचे वजन आपल्या घराघरांतून अजून ओसरलेले नाही. त्या वजनाखाली एखादे कुटुंब राहते घर तारण ठेवायला तयार होते. इतक्या मोलाचा निर्णय केवळ हौसेवर किंवा ऐकीव माहितीवर घेतला जाऊ नये, त्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेतल्या जाव्यात, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पदवी आणि सनद

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कायद्याची पदवी विद्यापीठ देते. वकिलीची सनद विद्यापीठ देत नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार आपल्याकडे ती राज्याची बार कौन्सिल देते. महाराष्ट्र व गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे. पदवीने विद्या सिद्ध होते, सनदेने न्यायालयात अशिलाच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार मिळतो. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून जे पुढे जातात, त्यांची पुढे फसगत होते.

हा भेद कायद्याच्याच बाबतीत इतका महत्त्वाचा का? माणसाचे शरीर पुण्यात आणि लंडनमध्ये सारखेच असते. पुलावर पडणाऱ्या भाराचे गणितही देश पाहून बदलत नाही. कायदा मात्र त्या त्या भूमीचा असतो. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. वारसाहक्काचा कायदा पुण्यात आणि पणजीतसुद्धा एक नाही. गोव्यात कौटुंबिक कायद्याच्या काही बाबतींत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील तरतुदी आजही लागू आहेत. तेव्हा पणजी-मडगावच्या न्यायालयांत उभे राहू इच्छिणाऱ्याला त्या संहितेवाचून गत्यंतर नाही आणि ती शिकण्याची स्वाभाविक जागा गोव्यातच, मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी, आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच राजमुकुटाखाली असूनही त्यांचे कायदे वेगळे, न्यायालये वेगळी आणि वकिलीच्या परीक्षाही वेगळ्या. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याची सनद निराळी. म्हणूनच कायदा कोठे शिकावा, हा खरे पाहता दुसरा प्रश्न आहे. कोठे काम करावयाचे, हा पहिला.

बॅरिस्टरीचा काळ

मग आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला विलायतेची एवढी ओढ का होती? त्याला त्या काळाचे सबळ कारण होते. ब्रिटिश अमदानीत उच्च न्यायालयांपुढे काम करणाऱ्यांत बॅरिस्टर आणि वकील असे निरनिराळे वर्ग असत आणि बॅरिस्टरांचा मान व हक्क दोन्ही मोठे होते. लंडनमधील लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल व ग्रेज इन या चार संस्थांपैकी एकीत नाव दाखल करावे, ठरलेली सत्रे भरावीत आणि परत येऊन थेट उच्च न्यायालयात उभे राहावे, असा तो राजमार्ग होता. पुढे १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने हे भेद कमी केले आणि १९६१ च्या कायद्याने सर्वांना ‘अधिवक्ता’ या एकाच पंक्तीला बसविले. केवळ बॅरिस्टर आहे म्हणून सनद मिळण्याची सोय त्या कायद्यातही काही काळ राहिली होती, पण ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच. म्हणजे तो राजमार्ग बंद होऊनही आता अर्धशतक उलटत आले. रस्ता बुजला, पण त्याची कीर्ती मात्र शिल्लक राहिली!

तीन उदाहरणे

त्या काळातही परदेशी शिक्षणाचे फळ सर्वांना सारखेच मिळाले नाही. महात्मा गांधी १८८८ मध्ये इंग्लंडला गेले, इनर टेम्पलमध्ये दाखल झाले आणि १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले. त्या परीक्षांत रोमन कायदा होता, इंग्लंडचा कायदा होता. परंतु हिंदू व मुसलमानी कायद्याची ओळख त्यांना तेथे झाली नाही आणि साधा फिर्यादीचा मसुदा कसा करावा हेही कोणी शिकविले नाही. हे त्यांनीच ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, तीस रुपये फीच्या एका लहानशा दाव्यात, उलटतपासणीसाठी ते उभे राहिले. पण त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत केली. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्याचे काम करीत असतानाच १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कामाचे बोलावणे आले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बुद्धी किंवा कष्ट यांत ते कोठेही कमी नव्हते. जे शिकले ते एका देशाचे होते आणि जेथे उभे राहावयाचे ते न्यायालय दुसऱ्या देशाचे होते, हेच त्यांच्या अडचणीचे मूळ होते.

दुसरे उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचे. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकचा, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलला. स्वदेशी परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही स्त्री म्हणून सनदेचे दार त्यांना बंदच राहिले. ते उघडले १९२३ च्या कायद्याने, म्हणजे ऑक्सफर्डच्या परीक्षेनंतर तब्बल एकतीस वर्षांनी. मधली वर्षे त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे पाहण्यात घालविली. विद्या हाती असून अधिकार नसणे म्हणजे काय, हे त्यांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला येऊन एकीकडे अर्थशास्त्र आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये कायदा असा दुहेरी अभ्यास त्यांनी सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सर्व अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व एका स्नेह्याचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन पुढल्या वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. या चरित्रातून आपल्या प्रश्नापुरत्या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, परदेशी कशासाठी जावयाचे आणि परतल्यावर काय करावयाचे याची त्यांना पूर्ण जाण होती. दुसरी म्हणजे, एवढ्या असामान्य पुरुषालाही पैशाच्या अभावी तीन वर्षे अभ्यास तोडावा लागला. ज्याच्याजवळ दुसऱ्या वर्षाच्या खर्चाची तजवीज नाही, त्याने पहिल्या वर्षाचे तिकीट काढण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

परदेशी पदवी घेऊन परतताना

आजची स्थिती काय आहे? परदेशी कायद्याची पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला येथे वकिली करावयाची असेल तर आधी ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते. त्यानंतर भारतीय कायद्यांवरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. येथील पदवीधरांप्रमाणे अखिल भारतीय बार परीक्षाही असतेच. ती २०१० पासून सुरू झाली आहे.

यात कालावधीचा एक पेच आहे. आपल्याकडे एलएल. बी.चे दोनच मार्ग आहेत : बारावीनंतर पाच वर्षे, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षे. इंग्लंडमध्ये मात्र शालेय शिक्षणानंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते आणि पदवीधरांसाठी दोन वर्षांचाही अभ्यासक्रम असतो. ही वर्षे आपल्या हिशेबात बसत नाहीत, त्यामुळे परतलेल्या विद्यार्थ्यांवर पूरक अभ्यासक्रमाची अट आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून परदेशी प्रवेश घेण्यापूर्वीच त्या विद्यापीठाची, त्याच पदवीची आणि तेवढ्याच कालावधीची मान्यता आहे काय, याचे लेखी उत्तर बार कौन्सिलकडून मागवावे. सल्लागाराचे तोंडी आश्वासन म्हणजे मान्यता नव्हे.

आणखी एक गैरसमज एलएल. एम.संबंधी आढळतो. परदेशातील एक वर्षाचे एलएल. एम. हे पदव्युत्तर शिक्षण आहे. मूळची एलएल. बी. नसलेल्याला त्याच्या बळावर येथे सनद मिळत नाही. प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांनीही अशा एक वर्षाच्या पदवीची येथील समकक्षता आधीच तपासून घ्यावी.

याहून मोठी गोष्ट म्हणजे अभ्यासाचा आशय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे देशात अमलात आले. फौजदारी काम करणाऱ्याला त्यांच्याशिवाय एक पाऊल टाकता येणार नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील दाव्यांचा मोठा भाग जमिनीचा असतो. तेथे १९४८ चा कूळकायदा, १९६६ ची जमीन महसूल संहिता, सातबारा उतारा आणि फेरफार यांची जाण लागते. यांपैकी काहीही लंडन किंवा न्यूयॉर्कच्या वर्गात शिकविले जाणार नाही, आणि त्यात त्या विद्यापीठांचा दोषही नाही.

येथील मार्ग

येथे शिकणे म्हणजे कमी दर्जाचे शिकणे, अशीही एक समजूत आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे मुंबई विद्यापीठाचे एलएल. बी. होते. भारताचे सरन्यायाधीश झालेले पी. बी. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड या दोघांचेही कायद्याचे शिक्षण पुण्याच्या आय. एल. एस. लॉ कॉलेजात झाले. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे हेही येथेच कायदा शिकले.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, तर पुण्याचे आय. एल. एस. १९२४ चे. १९८७ मध्ये बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल स्थापन झाले आणि पाच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमाची नवी परंपरा सुरू झाली. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. बारावीनंतर त्यांत शिरावयाचे तर ‘क्लॅट’ ही देशव्यापी परीक्षा द्यावी लागते. राज्यातील इतर विधी महाविद्यालयांतील तीन व पाच वर्षांच्या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते. आपल्या बी. ए.च्या विद्यार्थ्यांना अर्थातच तीन वर्षांचा मार्ग सोयीचा. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलनेही २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला असून दिल्ली विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तर फार जुना व नावाजलेला आहे.

मात्र एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. आपल्याकडील सर्व विधी महाविद्यालये सारखी नाहीत. काही ठिकाणी वर्ग नियमित भरतात, ग्रंथालय संध्याकाळपर्यंत गजबजलेले असते, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात आणि विद्यार्थी विधी साहाय्य केंद्रात खऱ्या माणसांची खरी गाऱ्हाणी ऐकतात. काही ठिकाणी मात्र हजेरीपट तेवढा भरतो आणि परीक्षेच्या तोंडावर मार्गदर्शके विकत घेतली जातात. पुणे की लंडन, यावर घरोघर चर्चा झडते. परंतु या दोन प्रकारच्या महाविद्यालयांमधील अंतर पुणे-लंडन अंतराहून मोठे आहे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे. पूर्णवेळ अध्यापक किती, ग्रंथालयात निवाड्यांचे खंड कोणत्या वर्षापर्यंतचे आहेत, बार कौन्सिलची मान्यता चालू आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची धास्ती वाटते. तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठीचा वापर होतो. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा मात्र इंग्रजी आहे. तेव्हा दोन्ही भाषा हव्यात. दररोज एका निवाड्याची चार-पाच पाने शब्दकोश जवळ ठेवून वाचली, तर वर्षअखेरीस ही धास्ती पुष्कळ कमी झालेली दिसेल. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

ज्यांना न्यायाधीश व्हावयाचे आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ही वर्षे सनदेच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजावयाची आहेत. म्हणजे येथेही अखेर सनदेच्या तारखेपाशीच येऊन थांबावे लागते.

परदेशी कधी जावे?

यावरून परदेशी जाऊच नये, असा अर्थ कोणी काढू नये. आंतरराष्ट्रीय कायदा, मानवी हक्क, सागरी वाहतूक, आंतरराष्ट्रीय लवाद, तौलनिक राज्यघटना अशा विषयांत तेथील ग्रंथालये व अध्यापक यांचा लाभ मोठा आहे. संशोधनाची आवड असणाऱ्याने संधी मिळाल्यास अवश्य जावे. परंतु बहुतेकांच्या बाबतीत हा दुसरा टप्पा असावा, पहिला नव्हे. आधी येथील एलएल. बी., मग सनद, दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर आपल्याला नेमके काय शिकावयाचे आहे हे कळल्यावर परदेशी एलएल. एम. सरन्यायाधीश झालेले धनंजय चंद्रचूड यांनीही आधी दिल्ली विद्यापीठाची एलएल. बी. घेतली आणि मग हार्वर्डला उच्च शिक्षण घेतले.

कायमचे परदेशातच काम करावयाचे असेल तर हिशेब वेगळा. तेव्हा त्या देशाची सनद हेच ध्येय समजून मार्ग ठरवावा. अशा वेळीही येथील पदवी वाया जाते असे नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून नवी पात्रता परीक्षा आली आहे. ती इतर देशांच्या वकिलांनाही खुली असून, सनदधारक वकिलाला तेथील दोन वर्षांच्या उमेदवारीची अट लागत नाही. न्यूयॉर्कसारख्या काही अमेरिकन राज्यांतही ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या परदेशी कायदा पदवीधराला बार परीक्षेस बसता येते. कॅनडात परदेशी पदवीची छाननी करून कोणत्या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतील हे कळविले जाते.

खर्चाचा हिशेब

शासकीय विधी महाविद्यालयाची वार्षिक फी हजारांत असते, राष्ट्रीय विधी विद्यापीठाची लाखांत, तर इंग्लंड-अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांची, राहण्याजेवण्याचा खर्च धरून, अनेक लाखांत जाते. कर्ज काढून गेल्यास हप्ता ठरल्या दिवशी सुरू होतो. वकिलीचे उत्पन्न मात्र ठरल्या दिवशी सुरू होत नाही. नव्या वकिलाची पहिली वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली अल्प मोबदल्यात जातात, हे आपल्याकडील वास्तव आहे. हप्त्याच्या ओझ्याखाली ही उमेदवारी सोडून मिळेल ती नोकरी धरावी लागली, तर ज्यासाठी कर्ज काढले तेच हातचे जाते.

म्हणून होतकरू विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तींची माहिती वेळीच मिळवावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारचीही परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. इंग्लंडमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असलेली चेव्हनिंग शिष्यवृत्ती कामाचा अनुभव मागते आणि शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची अट घालते. आधी येथे काम करावे, हा विचार तिच्याही नियमांत आहे. येथील गरीब विद्यार्थ्यांसाठीही एक चांगली गोष्ट घडली आहे. सनदेच्या नोंदणीसाठी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला, की अधिनियमात ठरलेल्या रकमेहून, म्हणजे ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही.

निष्कर्ष

विद्यार्थी मित्रहो, या सर्व विवेचनाचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. जेथील माणसांची गाऱ्हाणी आपल्याला मांडावयाची आहेत, तेथील कायदा आधी शिकावा. जे तेथे मिळत नाही, ते मिळविण्यासाठी मग खुशाल जगाच्या पाठीवर कोठेही जावे.

आणि अर्ज भरण्यापूर्वी एक सोपी गोष्ट प्रत्येकाने करून पाहावी. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात सुट्टीतले आठ दिवस मागच्या बाकावर शांतपणे बसावे. न्यायालये सर्वांना खुली असतात. तारीख पडली म्हणून परत जाणारा म्हातारा शेतकरी, पोटगीसाठी आलेली बाई, कागद चाळत उभा असलेला तरुण वकील, हे सारे तेथे दिसतील. ते पाहून या कामाचा कंटाळा आला, तर लंडनची पदवीही तो कंटाळा घालवू शकणार नाही. आणि त्या म्हाताऱ्याच्या बाजूने उठून बोलावे असे मनापासून वाटले, तर कोठे शिकावे याचे उत्तर बहुधा तेथेच मिळून जाईल.